बिनशाईचा शिक्का

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आई म्हणायची. खोटं नव्हतं ते. पण त्याच रागानं एकदा आमचा धंदा वाचवला, हे मात्र तिनं कधी कबूल केलं नाही. म्हणून मीच सांगते.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. नगरला एका सायकल दुकानाच्या माडीवर माझं आणि माझ्या पॉलिटेक्निकच्या वर्गमित्राचं मिळून कॉम्प्युटरचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर एक टेबल, दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर आणि त्याच्यावर झाकायला आईनं शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर. लोक जिना चढून यायचे आणि विचारायचे, ‘पंक्चर काढता का?’ आम्ही प्रोग्राम करून द्यायचो. मेडिकलवाल्यांना, पतसंस्थेला, एका मंगल कार्यालयाच्या भांड्याकुंड्यांसाठीसुद्धा. प्रोग्राम मी लिहायची. वायरी, प्रिंटर, सोल्डरिंग हे सगळं माझा भागीदार बघायचा. तो इतका थंड डोक्याचा, की त्याच्या थंडपणाचाच मला राग यायचा. मशीनमधून धूर निघाला तरी हा म्हणणार, ‘बघू गं.’

आमचं घर मिरजगावचं. आण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले आणि देवळीत पाटी-पुस्तक आलं. त्यामुळे शिक्षणाची चेष्टा आमच्याकडे चालत नसे. मी डिप्लोमा पास झाले तेव्हा आण्णांनी अख्ख्या डेपोत पेढे वाटले. पण ते पेढे नोकरीच्या आशेवरचे होते, सायकल दुकानाच्या माडीसाठी नव्हते. त्यात मला मुंबईच्या एका बँकेतून बोलावणं आलं. पक्की नोकरी, डोक्यावर पंखा, पुढे पेन्शन. आईनं तर मनातल्या मनात माझी ट्रंकही भरली. मला जायचं नव्हतं. नगर सोडायचं नव्हतं, आणि दुसऱ्यानं केलेल्या प्रोग्रामात आकडे भरत जन्म काढायचा तर मुळीच नव्हता. आठवडाभर घरात धुसफूस चालली. शेवटी आण्णांनी एका वाक्यात गाडी थांबवली.

‘कोपरगावकडच्या कारखान्याचं काम घेतलंयस ना? ते उभं ऱ्हायलं तर ऱ्हा नगरला. न्हाई ऱ्हायलं, तर मी सोता येऊन घेऊन जानार. मग मुंबई. कबूल?’

‘कबूल,’ मी म्हणाले. रागातच म्हणाले.

काम होतं एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं. उसाची गाडी काट्याच्या लोखंडी प्लेटीवर उभी राहणार, शेजारच्या खोलीतला क्लार्क वजन घेणार, खिडकीतून पावती देणार, गाडी पुढं जाणार. एवढंच. त्या वर्षी काटा नवा, इलेक्ट्रॉनिक आला होता. त्याची वायर आमच्या कॉम्प्युटरला जोडायची, वजन आपोआप आत येणार, पावती आपोआप छापून बाहेर. मी प्रोग्राम दाखवायला गेले तेव्हा नवी साडी नेसून गेले होते. सभासदाचा नंबर टाकला की नाव येतं, उसाची जात येते, तोडणी टोळी येते, महिन्याचा गोषवारा निघतो, असं मी घडाघडा सांगत सुटले. ऐकणारे होते कारखान्याचे शेतकी अधिकारी, ज्यांना सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बाहेर जाऊन पान थुंकून आले आणि म्हणाले, ‘मॅडम, तुमचं यंत्र काय काय करतं ते काट्यावरच्या मामांना सांगा. मला एकच सांगा, रांग गेटाच्या आत राहील का?’

मी म्हणाले, ‘म्हणजे?’

‘म्हणजे गाड्यांची रांग. ती गेटाबाहेर रस्त्यावर गेली की एसटी अडकते. एसटी अडकली की लोक ओरडतात, आणि मग वरून फोन मला येतो. हंगामाचा पहिला पंधरवडा तुमचा. तेवढ्यात रांग आत राहायला लागली तर यंत्र ठेवू. नाहीतर तुमचं यंत्र तुम्हाला लखलाभ.’

मला तेव्हा वाटलं, काय हा अडाणी प्रश्न. आमच्या माडीवरच्या भिंतीला जो कागद चिकटवला होता, त्यावर प्रोग्रामनं काय काय करायचं याच्या ओळीच्या ओळी होत्या. पण ते करताना त्यानं वागायचं कसं, याचं एक अक्षर नव्हतं. किती वेळात, किती आवाजात, कुणाला न रडवता. पुढे कळलं की या गोष्टीला इंग्रजीत नॉन-फंक्शनल रिक्वायरमेंट असं भारदस्त नाव आहे, आणि आज थोडं करून दाखवायचं, उद्या बदलायचं, परवा परत दाखवायचं, या रीतीचा तर मोठा पंथच निघाला आहे. आमच्याकडे पंथ नव्हता. काटा होता, आणि काट्यापुढं बैल उभे होते. आम्ही त्या पहिल्या गोष्टीला आपलं साधं ‘वागणूक’ म्हणायचो.

तर हंगाम सुरू झाला. मी कॉलनीत कारखान्याच्या नर्सबाईंकडे उतरले, भागीदार गेस्ट हाऊसवर. दिवसभर काट्यावर उभं राहून काय बिघडतं ते बघायचं, संध्याकाळी प्रोग्राम बदलायचा, सकाळची पाळी बदलताना नवी फ्लॉपी घालायची, असा क्रम लागला. काट्यावरचे क्लार्क निवृत्तीला आलेले. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही मामाच म्हणू लागले. ते मला पहिल्या दिवशी ‘म्याडम’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून ‘पोरी’.

पहिल्याच सकाळी हात दाखवून अवलक्षण झालं. मामा एका बोटानं नंबर टाकणार, मग माझा प्रोग्राम सभासदांची सगळी यादी वरून खाली धुंडाळत बसणार. माडीवर पाचपन्नास नावांवर तो कसा भुर्रकन चालायचा, इथं सगळा तालुका त्याच्या पोटात. मामा म्हणाले, ‘पोरी, ह्यो नाव हुडकायला गावात गेलाय का?’ दुपारपर्यंत रांग गेटाबाहेर, रस्त्यावर, थेट शेजारच्या वस्तीपर्यंत. संध्याकाळी बसून मी शोधायची रीतच बदलली. दुसऱ्या सकाळी नंबर टाकताच नाव समोर. मामांनी मान डोलावली. मला वाटलं, जिंकलं.

कसलं काय. गाडीवाल्यांच्या चिठ्ठ्या उसाच्या रसानं चिकट झालेल्या. ती चिकटाई मामांच्या बोटांवर, बोटांवरून कीबोर्डवर. एक बटण दाबलं की खाली बसायचं ते वर यायचंच नाही, आणि पडद्यावर एकाच आकड्याची माळ. त्यावर भागीदारानं दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक धुऊन कीबोर्डला कापडासारखं ताणून बसवलं. दिसायला कळकट, पण चाललं. माडीवरचा कागद आम्ही सोबत आणून काट्याच्या खोलीत भिंतीला चिकटवला होता, त्यावर मी लिहिलं, ‘चिकट हातानं चाललं पाहिजे.’

मग वजनाचं भांडण निघालं. जुन्या काट्याला दांडी होती, ती गाडीवाल्याला बाहेरून दिसायची. आता वजन आत, पडद्यावर. बीडकडची एक ऊसतोडणीवाली बाई होती. नवरा फडात तोडायचा आणि गाडी ही आणायची. माझ्याच वयाची असेल, आणि जीभ माझ्यापेक्षा एक बोट लांब. ती खिडकीशी आली आणि म्हणाली, ‘बाई, वजन कुठंय?’

‘आत आहे, पडद्यावर.’

‘आत म्हंजी कुठं? तुमच्या पोटात?’

मागच्या गाडीवाल्यांना तेवढंच पाहिजे होतं, ते खो खो हसले. मी तिला चार शब्द सुनावले, तिनं मला आठ. पण बोलली ते बरोबर होतं, जे दिसत नाही त्यावर कोण भरवसा ठेवणार? भागीदारानं आधी आरसा लावून पडदा बाहेर दाखवायचा घाट घातला, तर आकडे उलटे दिसायला लागले आणि गोंधळ आणखीच वाढला. मग काट्याची लाल आकड्यांची पेटीच त्यानं खिडकीत, बाहेर तोंड करून बसवली. बाई आली, आकडे वाचले, म्हणाली, ‘हां. आता कसं.’ त्या दिवसापासून तिची माझी गट्टी जमली. भांडूनच जमली म्हणा.

त्यानंतर प्रिंटरची पाळी आली. तो मेला असा कर्कश किंचाळायचा की खिडकीकडच्या बाजूचा बैल दचकून मान झटकायचा. मी नर्सबाईंची गोधडी आणून प्रिंटरवर टाकली. आवाज कमी झाला, पण आत कागद चुरगळायला लागला. शेवटी कारखान्याच्या सुताराकडून लाकडी खोकं करून आतून बारदान ठोकलं, तेव्हा कुठं तो सभ्य माणसासारखा बोलायला लागला. पावतीवरचा कारखान्याचा भलामोठा छाप मी काढून टाकला, ओळी निम्म्या केल्या. आता गाडीवाला खाली उतरून खिडकीशी येईपर्यंत पावती तयार असायची. याहून पटकन ते काम माणसानं काय, भुतानंही केलं नसतं.

आणि तरी रांग रस्त्यावरच.

साहेब जीपमधून आले, गेटाकडे बोट दाखवलं आणि काही न बोलता निघून गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते कळेना. प्रोग्राम वेगात, प्रिंटर वेगात, मामांचं बोटसुद्धा आता सराईत झालेलं. मग वेळ जातोय कुठं?

ते शेवटी भागीदारालाच दिसलं. तो दुपारभर खोलीबाहेर पायरीवर चहा पीत बसला होता, म्हणून मी त्याच्यावर खेकसायला गेले, तर म्हणाला, ‘अगं, बैल बघ.’ मी बघितलं. पावती झाली, गाडीवाल्यानं घेतली, आणि बैल आपले प्लेटीवर उभे. निवांत. गाडीवाला परत गाडीशी येतोय, वर चढतोय, कासरा ओढतोय, शेपटी पिरगाळतोय, तेव्हा कुठं जोडी मान हलवून पाऊल उचलतेय. प्रत्येक गाडीला तेच. मागं सगळी रांग खोळंबलेली.

‘मागच्या सालापर्यंत असं हुतं का?’ मी मामांना विचारलं. त्यांच्यात राहून माझीही बोली घरच्यासारखी व्हायला लागली होती.

‘छ्या. मी आतनं म्हनायचो, चल, हू दे म्होरं, की जोडी आपली आपन हालायची. गाडीवाला पावती घेऊन मागनं पळत जाऊन चढायचा. बैल माझा शब्द वळखायचे, पोरी.’ मामांचा चेहरा उतरला. ‘आता बी मी म्हनतो की. पन यंत्र आलं, माझ्या शब्दाला किंमत न्हाई ऱ्हायली.’

हे खरंच होतं. ते अजूनही दर गाडीला खिडकीतून ‘चल, हू दे म्होरं’ म्हणायचे, आणि बैल ढुंकून बघायचे नाहीत. म्हातारा मनातून खचला होता.

गाडीवाल्यांमध्ये मात्र वेगळीच कुजबुज. कॉम्प्युटरचा करंट वायरीतून प्लेटीत उतरतोय, म्हणून बैलांचे पाय धरून ठेवतोय. भागीदारानं टेस्टर घेतला, प्लेटीखाली सरपटत जाऊन अर्थिंग तपासलं. मग सगळ्यांदेखत चप्पल काढून अनवाणी प्लेटीवर उभा राहिला. ‘बघा, आहे का करंट?’ बीडची बाई त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, ‘तुमी मानूस हाव. बैलाचं अंग वायलं असतंय.’ माझा भागीदार म्हणाला, ‘बघू.’

पंधरवडा संपत आला होता. मी एसटीडी बूथवरून डेपोत आण्णांना फोन लावला, तर त्यांनी आधी विचारलं, ‘उभं ऱ्हायलं का?’ मी म्हणाले, ‘राहतंय.’ एवढं ऐकून आण्णा काय ते समजले. म्हणाले, ‘रजा टाकलीय. मी येतो.’ फोन ठेवला तेव्हा मला रडू येत होतं आणि राग येत होता. दोन्हीपैकी राग मला जास्त सोयीचा, म्हणून मी रागातच काट्यावर परत आले.

आणि बघते तर काय, मामा छापलेली पावती हातात घेऊन तिच्यावर जुना शिक्का उमटवायला जागा शोधतायत.

हा शिक्का म्हणजे मामांचं जुनं हत्यार. लाकडी मुठीचा, रबराचा, ‘वजन केले’ असं लिहिलेला. हाताची पावती होती तेव्हा प्रत्येक पावतीवर तो मारावा लागे. टेबलाच्या कडेला खिडकीच्या पत्र्यालगत एक बाभळीचा ठोकळा होता, त्यावर पावती ठेवायची आणि वरून हाणायचा. नवीन पावतीवर सगळंच छापून येत होतं. त्यामुळे शिक्का मारणं मी पहिल्याच दिवशी बंद केलं होतं, आणि तेवढं काम वाचवलं म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

‘मामा, किती वेळा सांगितलं, शिक्का नको म्हणून?’

‘पोरी, शिक्क्याबिगर पावती म्हंजी मिठाबिगर आमटी. गाडीवाल्याला बी बरं वाटत न्हाई.’

‘बरं वाटायला हे काय कीर्तन आहे? बाहेर रस्त्यावर रांग लागलीय, माझं इथलं बिऱ्हाड उठायची वेळ आलीय, आणि तुम्हाला शिक्का सुचतोय?’ मी त्यांच्या हातातून शिक्का हिसकावला. ‘कुणाला पाहिजे हा? सांगा ना, कुणाला पाहिजे?’ आणि सगळा जोर लावून त्या ठोकळ्यावर हाणला. ठक्क.

प्लेटीवरची जोडी चालायला लागली.

नुसती मान हलवून नाही. घाई असल्यासारखी, रुबाबात, भरल्या गाडीसकट प्लेटीवरून उतरून सरळ पुढं. खिडकीशी हात पसरून उभा असलेला गाडीवाला बोंबलत मागं पळाला, कारण पावती अजून मामांच्याच हातात होती. मामा माझ्याकडे बघतायत, मी शिक्क्याकडे. भागीदार पायरीवरून उठून आत आला आणि म्हणाला, ‘परत मार.’

पुढची गाडी प्लेटीवर येऊन उभी राहिली, वजन झालं. मी मारला. ठक्क. चालली. तिच्या मागची. ठक्क. चालली. मग मी हसत सुटले, भागीदार हसत सुटला. मग मामाही पोट धरून हसले. इतकी वर्षं ते शिक्का मारता मारता ‘चल, हू दे म्होरं’ म्हणत आलेले. त्यांना वाटे बैल त्यांच्या शब्दावर हलतात. बैल ऐकत होते ठोका. दरसाल तीच जनावरं यायची, जुनी शिकलेली असायची, नवी त्यांच्या मागं शिकायची. ‘म्हंजी एवढी सालं मी उगाच घसा कोरडा केला,’ मामा डोळे पुसत म्हणाले. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, आमचं उलटं, झोपा आम्हीच आधी मोडला आणि बैल जागचा हलेना.

आता शहाण्या माणसानं तिथंच थांबून शिक्का परत सुरू करावा की नाही? पण आम्ही पडलो कॉम्प्युटरवाले. आमच्या काट्यावर रबरी शिक्का ठोकत बसायचं, हे मला अगदीच लाजिरवाणं वाटलं. मी प्रोग्राममध्ये एक आवाज घातला, पावती झाली की कॉम्प्युटर ‘टींग’ करणार. बैलांनी कानसुद्धा हलवला नाही. मग भागीदारानं बझर जोडला. तो वाजताच जोडी अशी उधळली की गाडी ऊस टाकायच्या गव्हाणीच्या कठड्याला घासून थांबली, आणि बीडच्या बाईनं आम्हा दोघांचा उद्धार केला तो इथं लिहिण्यासारखा नाही. शेवटी शिक्काच. त्याच ठोकळ्यावर, त्याच पत्र्याशेजारी. फक्त शाईचं पॅड उचलून ठेवलं, कारण छापील पावतीवर निळा डाग पडून आकडे दिसेनासे व्हायचे. आणि प्रोग्राम असा बदलला की वजन पक्कं नोंदल्यावरच पडद्यावर मोठ्या अक्षरांत यावं, ‘आता ठोका’. त्याआधी कुणी मारायचा नाही. भिंतीवरच्या कागदावर भागीदारानं शेवटची ओळ लिहिली, ‘बैलांना कळलं पाहिजे.’

साहेबांना हे सांगताना माझी जीभ पहिल्यांदाच अडखळली. ते म्हणाले, ‘म्हणजे शिक्क्याचा पावतीशी काही संबंध नाही?’ मी म्हणाले, ‘नाही.’ ‘आणि तरी तो मारायचा?’ ‘हो. तो बैलांसाठी आहे.’ त्यांनी पानाचा डबा उघडला, मिटला, आणि म्हणाले, ‘उद्या दुपारी बघतो.’

दुसऱ्या दिवशी पंधरवडा पुरा होत होता. मामा जेवायला गेले होते आणि काट्यावर मी बसले होते. नंबर टाकायचा, वजन बघायचं, पावती खिडकीतून द्यायची, ठक्क, पुढची गाडी. मान वर करायला फुरसत नव्हती. गेटाकडे बघायची तर छातीच होत नव्हती. तेवढ्यात दारात आण्णा. धुतलेला पांढरा शर्ट, हातात माझ्यासाठी आणलेली रिकामी मोठी पिशवी. पिशवी रिकामी का आणली ते मला न सांगता कळलं.

मला वाटलं, आल्या आल्या विषय काढतील. पण ड्रायव्हर माणूस. पहिलं वाक्य बोलले ते असं, ‘हंगामाचं दिस, आन् कारखान्याम्होरला रस्ता मोकळा कसा काय? आमची गाडी कुटंच थांबली न्हाई.’

‘बसा आण्णा, गाडी आलीय,’ मी म्हणाले. ते स्टुलावर बसले आणि बघत राहिले. गाडी यायची, पडद्यावर अक्षरं यायची, मी हाणायची, उसाचा एवढा डोंगर घेऊन जोडी आपली आपण चालू लागायची. मागची पुढं. आण्णांची नजर माझ्या हातावरून हलेना.

साहेबांची जीप खिडकीबाहेर थांबली. ते उतरलेही नाहीत. ‘मॅडम, रांग आत आहे. राहू द्या तुमचं यंत्र. आणि तो तुमचा शिक्काही राहू द्या,’ म्हणाले आणि गेले.

‘आण्णा, उभं राहिलं,’ मी म्हणाले.

‘व्हय. ऐकलं.’ मग म्हणाले, ‘त्यो शिक्का दाव बरं.’

मी दिला. त्यांनी तो उलटा केला, रबरावरची अक्षरं वाचली. ‘माझ्या बापानं जल्मभर असल्या शिक्क्याखाली अंगठा दिला,’ ते म्हणाले. ‘तलाठ्याचा शिक्का, सोसायटीचा शिक्का. ज्याच्या त्याच्या हातात शिक्का, आन् आमचा निसता अंगठा. आपल्या घरात शिक्का कुनाच्या हातात आला न्हवता, बाई.’

त्यांना किती मोठं वाटतंय हे सगळं, आणि मी काय सांगणार? पण आण्णांशी खोटं बोलायची मला सवय नव्हती. ‘आण्णा, शाई नाही त्याला. नुसता आवाज आहे. बैलांनी चालावं म्हणून.’

आण्णांनी रबरावर अंगठा दाबला. उचलून बघितला. अंगठा स्वच्छ होता.

‘मग तर लई बेस,’ ते म्हणाले. ‘अंगठा काळा हुत न्हाई.’

प्लेटीवर गाडी येऊन उभी राहिली होती. पडद्यावर ‘आता ठोका’ आलं होतं. आण्णा शिक्का हातात धरून माझ्याकडे बघत होते, मी लहानपणी बसचा हॉर्न वाजवू का म्हणून बघायची तसे.

‘मी एक मारू?’

‘मारा की.’

त्यांनी मारला. जोडी चालली. आण्णा मोठ्यानं हसले, आणि हसता हसता त्यांनी बाहीनं डोळे पुसले. मामा जेवून परत येईपर्यंत शिक्का आण्णांच्याच हातात होता. मग चहा प्यायले, ‘आईला मी सांगतो काय सांगायचं ते’ म्हणाले, रिकाम्या पिशवीची घडी घालून काखेत मारली, आणि संध्याकाळच्या एसटीनं एकटेच मिरजगावला गेले.